बँकॉकमधला एक दिवस: राजवाडा, वाट फो, वाट अरुण आणि भिंतीवरचं रामायण

पुण्यातून निघणाऱ्या बँकॉकच्या पॅकेजमध्ये ‘हाफ डे सिटी टूर’ ठरलेली असते. सोन्याचा बुद्ध, संगमरवरी मंदिर आणि शेवटी बस थांबते ती ‘जेम्स गॅलरी’ या रत्नांच्या दुकानासमोर. मोठा राजवाडा त्यात बहुधा नसतो, कारण तिकीट महाग आणि वेळही जास्त जातो. सोन्याचा बुद्ध बघण्यासारखा आहेच. साडेपाच टनांची ही मूर्ती चुन्याच्या लेपाखाली दडलेली होती; १९५५ मध्ये ती हलवताना लेप फुटला आणि आतलं सोनं दिसलं. पण ज्याच्या घरात रामायण ऐकून माहीत आहे, त्याने बँकॉकला जाऊन राजवाड्याच्या आवारातली रामकथेची ओवरी न बघता परतणं म्हणजे निम्मं बँकॉक सोडून येणं. म्हणून पॅकेजमधला ‘फ्री डे’ मॉलवर घालवू नका. तो दिवस नदीकाठच्या तीन ठिकाणांना द्या: सकाळी राजवाडा, दुपारी वाट फो, संध्याकाळी पलीकडच्या काठावर वाट अरुण (‘वाट’ म्हणजे थाई भाषेत देऊळ). क्रम हाच ठेवा, उलटा नको.

याचं कारण ऊन आणि वेळ. राजवाडा सकाळी ८:३० ला उघडतो आणि तिकीटखिडकी दुपारी ३:३० ला बंद होते. बाकी दोन्ही देवळं संध्याकाळपर्यंत उघडी असतात. राजवाड्यात सावली सगळ्यात कमी आणि गर्दी सगळ्यात जास्त. दहानंतर टूरच्या बसेस एकामागोमाग एक रिकाम्या होतात आणि झेंडेवाल्या गाइडच्या मागे माणसांची रांग सुरू होते. साडेआठला दारात असलात तर पहिला तास-दीड तास सुखाचा जातो. बँकॉकचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास आहे, म्हणजे तिथले साडेआठ हे पुण्याचे सात. पहाटेच्या विमानाने उतरून, हॉटेलात बॅगा टाकून त्याच सकाळी राजवाडा करायचा बेत पुष्कळजण आखतात. तो करू नका. जागरण, ऊन आणि अनवाणी पायांखालची तापलेली फरशी यांचा मेळ बसत नाही. घरातले ज्येष्ठ तर पहिल्याच चौकात सावली शोधून बसतात.

निघण्याआधीचं एक काम. १ मे २०२५ पासून थायलंडमध्ये शिरण्यासाठी डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते भरायचं आणि ते फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाइट दिसली की ती सरकारी नाही, हे ओळखायचं. व्हिसाचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून मागच्या वर्षी जाऊन आलेल्या मावसभावाच्या माहितीवर विसंबू नका.

आता कपडे, कारण दारातून परत पाठवले जाणारे बहुतेक लोक याच कारणाने अडकतात. राजवाड्यात खांदे आणि पाय झाकलेले हवेत, आणि ते खरोखर तपासलं जातं. बिनबाह्यांचा टॉप आणि त्यावर ओढणी टाकली तर चालत नाही; बाही लागते. अंगाला घट्ट चिकटणाऱ्या लेगिंग्ज, फाटकी जीन्स, आरपार दिसणारं कापड, शॉर्ट्स हे सगळं बाद. आपल्याकडच्या पुरुषमंडळींचा परदेशवारीचा गणवेश म्हणजे थ्री-फोर्थ पॅन्ट, तीही बाद. पुरुषांना घोट्यापर्यंत पॅन्ट हवी. सुती सलवार-कमीज किंवा सैल पॅन्टवर कुर्ता हा सगळ्यांत सोयीचा पोशाख. अडकलातच तर समोरच्या दुकानांत लुंगीसारखं कापड आणि ढगळ पॅन्ट विकत मिळते, पण भाव त्या जागेचा असतो आणि घासाघीस करत बसलात की सकाळचा मोकळा वेळ तिथेच संपतो. पायात सहज काढता येतील असे सँडल घाला. दिवसभरात पादत्राणं सात-आठ वेळा काढावी लागतात. लेसचे बूट असतील तर दुपारपर्यंत वैताग येतो. फरशी दुपारी चटके देते, म्हणून पातळ मोज्यांचा एक जोड पिशवीत असू द्या.

पोहोचायचं नदीतून. स्कायट्रेनने सफान ताक्सिन स्टेशनवर उतरलं की खालीच साथोर्न धक्का आहे. तिथे निळ्या झेंड्याची पर्यटक बोट आणि नारिंगी झेंड्याची साधी बोट अशा दोन्ही लागतात. निळ्या झेंड्याचे विक्रेते इतक्या आग्रहाने बोलावतात की दुसरी बोट आहे हेच कळत नाही. नारिंगी झेंड्याचं भाडं कुठेही उतरा, सोळा बाटच्या आसपास असतं, आणि ती त्याच धक्क्यांवर थांबते. राजवाड्यासाठी था चांग, वाट फो आणि वाट अरुणसाठी था तियन. बोट धक्क्याला जेमतेम लागते आणि निघते, मागच्या टोकाला उभा असलेला माणूस शिट्ट्या मारत असतो. तेव्हा आपला धक्का यायच्या आधीच मागे सरकून उभं राहायचं. आजी-आजोबा बरोबर असतील तर बोटीऐवजी मेट्रोच्या निळ्या लाइनवरचं सनाम चाय स्टेशन बरं. ते वाट फोला अगदी लागून आहे, पण तिथून राजवाड्याचं दार उत्तरेच्या टोकाला, पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर.

त्या चालीतच तो गृहस्थ भेटतो. स्वच्छ शर्ट, चांगलं इंग्रजी, कधी गळ्यात ओळखपत्र. तो अदबीने सांगतो की आज राजवाडा बंद आहे, बौद्ध सण आहे, किंवा दुपारी एकला उघडेल. तोवर वीस बाटमध्ये टुकटुकने तीन देवळं दाखवतो. त्या तीन देवळांच्या मध्ये एक रत्नांचं दुकान आणि एक शिंप्याचं दुकान असतं, आणि टुकटुकवाल्याला तिथे गिऱ्हाईक नेल्याबद्दल पेट्रोलची कुपनं किंवा कमिशन मिळतं. राजवाडा रोज उघडा असतो. राजघराण्याचा विधी असला तर काही भाग किंवा पूर्ण आवार बंद राहतं, पण ते राजवाड्याच्या अधिकृत वेबसाइटवर आधीच कळतं. रस्त्यावरच्या माणसाकडून कळत नाही. ‘बंद आहे’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून दारापर्यंत चालत राहा. कुणी कबुतरांसाठी मक्याची पुडी हातात कोंबली तर ती घेऊ नका, दाणे टाकून झाल्यावर पैसे मागितले जातात.

राजवाड्याचं तिकीट परदेशी माणसाला ५०० बाट. वाट फो ३००, वाट अरुण २००. म्हणजे माणशी हजार बाट नुसती तिकिटं. हे दर गेल्या काही वर्षांत वाढलेत, आणखीही वाढतील. रोख रक्कम जवळ ठेवा. राजवाड्याच्या तिकिटातच खोन या मुखवटा-नाट्याचा छोटा प्रयोग आणि राजवाड्यातलं वस्त्रसंग्रहालय येतं. बहुतेक लोक तिकीट खिशात घालतात आणि हे कळायच्या आधीच बाहेर पडतात. वस्त्रसंग्रहालय वातानुकूलित आहे. अकरा वाजता डोकं तापलं की त्याची किंमत कळते.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय तिथल्या मांडणीचा अर्थ लागत नाही. १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने अयुध्या ही जुनी राजधानी जाळली. ताक्सिन राजाने नदीच्या पश्चिम काठावर, थोनबुरीला गादी मांडली. १७८२ मध्ये त्याचा सेनापती चक्री राजा झाला, त्याने राजधानी पूर्व काठावर आणली आणि राजवाडा बांधायला घेतला. तोच पहिला राम; त्याच्या घराण्यातल्या राजांना राम याच नावाने क्रमांक देतात. त्याच वर्षी आपल्याकडे सालबाईचा तह झाला आणि शनिवारवाड्यात सवाई माधवराव पेशवे होते. शनिवारवाड्याची आतली लाकडी इमारत १८२८ च्या आगीत गेली. बँकॉकचा वाडा मात्र उभा आहे, सतत डागडुजी होत राहिली आहे, आणि म्हणून काही कोपरे अगदी कालच रंगवल्यासारखे दिसतात. कुणाला ते खटकतं. पण जिवंत राजवाडा आणि जिवंत देऊळ असंच असतं, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूचा करडेपणा इथे शोधायचा नाही.

आत शिरल्यावर आधी लागतं ते वाट फ्रा केओ, म्हणजे पाचूच्या बुद्धाचं देऊळ. सोनेरी स्तूप, आरशांच्या तुकड्यांचे खांब, कंबोडियातल्या अंकोर वाटची दगडी प्रतिकृती, सगळं एकाच चौथऱ्यावर दाटीने उभं आहे, आणि लोक तिथेच मोबाइल वर करून फिरत राहतात. तुम्ही आधी भिंतीकडे वळा. देवळाच्या सगळ्या आवाराला आतून छप्पर असलेली ओवरी आहे आणि तिच्या भिंतीवर ‘रामाकियेन’, म्हणजे थाई रामायण, १७८ भागांत रंगवलेलं आहे. पहिला प्रसंग उत्तरेच्या दाराशी आहे आणि कथा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पुढे सरकते. तुळशीबागेतल्या रामाला प्रदक्षिणा घालणाऱ्याला वेगळं काही शिकायला नको: देऊळ उजव्या हाताला, चित्रं डाव्या हाताला, आणि चालत राहायचं. मधल्या कुठल्याही दारातून सुरुवात केली तर मात्र युद्ध आधी आणि सीतेचा जन्म नंतर असा घोळ होतो. बहुतेकांना ही चित्रं म्हणजे नुसती सोनेरी गर्दी वाटते ती याचमुळे.

पूर्ण फेरी नीट बघत केली तर तास लागतो. माणसं ओळखायची खूण रंगात आहे. राम हिरवा, लक्ष्मण सोनेरी, मारुती पांढरा, सुग्रीव लाल. दहा तोंडांचा हिरवा तो थोत्सकान, म्हणजे आपला दशकंठ रावण. अयोध्या आणि लंका या दोन्ही नगरांची छपरं मात्र बँकॉकचीच आहेत, कारण चित्रकारांना राजवाडा ठाऊक होता तो हाच.

कथेचे सांधे आपल्याला ओळखीचे वाटतात आणि मग एकदम वळण घेतात. इथली सीता रावण-मंदोदरीचीच मुलगी आहे. कुळाचा नाश करील असं भाकीत झाल्यामुळे तिला घटात घालून नदीत सोडली जाते आणि ती जनकाला सापडते. सेतू बांधताना रावणाची मुलगी सुफन मच्छा, अर्धी मासोळी, आपल्या माशांकडून दगड चोरवते. मारुती तिला पकडायला पाण्यात उतरतो आणि प्रेमात पडतो. त्यांचा मुलगा मच्छानू. पुढे महिरावण रामाला झोपेतच पाताळात पळवून नेतो, तेव्हा पाताळाच्या वाटेवर पहारा देणारा तोच मुलगा बापाच्या आडवा येतो. अहिरावण-महिरावण आणि मकरध्वजाची गोष्ट आपल्याकडे ज्यांनी ऐकली आहे त्यांना हा प्रसंग भिंतीवर बघताना मजा येईल. त्याच प्रकरणातलं एक चित्र चुकवू नका: रामाच्या रक्षणासाठी मारुती इतका वाढतो की अख्खा मंडप त्याच्या शरीराने वेढला जातो आणि आत जायचं दार म्हणजे त्याचा उघडा जबडा. दुसऱ्या एका ठिकाणी तो स्वतःच आडवा होऊन पूल बनतो आणि वानरसेना त्याच्या अंगावरून जाते. मारुतीची प्रेमप्रकरणं एवढ्यावर थांबत नाहीत. बिभीषणाची मुलगी बेंयकाय सीतेच्या प्रेताचं सोंग घेऊन नदीतून वाहत येते, तिलाही तो आधी पकडतो आणि मग तिच्यातच गुंततो. गल्लोगल्ली मारुती असलेल्या पुण्याच्या माणसाने जरा मन मोठं करून जावं. रावणाचा जीव त्याच्या गुरूकडे डबीत ठेवलेला असतो आणि तो लंपास करतो तोही मारुतीच. थाई कथेचा खरा नायक तोच आहे, असं ओवरीची फेरी संपेपर्यंत वाटायला लागतं.

खांबांवर संगमरवरी पाट्या आहेत, त्यांवर थाई पद्यात प्रसंग कोरले आहेत. वाचता येत नाहीत, पण कोणता भाग कुठे संपतो हे त्यावरून ठरवता येतं. दारांवर सुमारे पाच मीटर उंचीचे यक्ष जोडीजोडीने उभे आहेत, एकूण बारा. रामकथेतलेच राक्षस, थोत्सकानसुद्धा. कथेत हरलेले इथे देवळाच्या राखणीला लावलेत.

मग मुख्य देऊळ. पाचूचा म्हणतात तो बुद्ध खरं तर हिरव्या जेड जातीच्या दगडाचा आहे आणि जेमतेम ६६ सेंटिमीटर उंच. इतक्या उंचावर बसवलाय की चष्मा पुसून बघावं लागतं. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे त्याचे तीन सोन्याचे पोशाख आहेत आणि ऋतू बदलला की राजा स्वतः ते बदलतो. आत फोटो काढायला सक्त मनाई. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा. हे आपल्याला सांगावं लागत नाही. बसताना पाय पुढे पसरून तळवे मूर्तीकडे करायचे नाहीत, हे मात्र सांगावं लागतं. प्रसाद नाही, घंटा नाही, पुजारी गंध लावत नाही. बाहेर कमळाची कळी पाण्यात बुडवून डोक्यावर शिंपडतात, तेवढं तीर्थ समजा.

राजवाड्याच्या बाकी बहुतेक इमारती बाहेरूनच बघायच्या आहेत. चक्री महाप्रासाद १८८२ मध्ये पूर्ण झाला. खाली युरोपीय महाल, वर थाई शिखरं. स्थानिक लोक त्याला थाई मुकुट घातलेला गोरा म्हणतात. एक फोटो, पुढे चला.

जेवणाचा प्रश्न शाकाहारी माणसासाठी खरा आहे. नदीकाठच्या साध्या टपरीत भाजीतही माशाचं सॉस, नाम प्ला, पडतंच, आणि ‘व्हेज’ शब्दाला तिथे फारसा अर्थ नाही. ‘जे’ हा शब्द लक्षात ठेवा. पिवळ्या पाटीवर किंवा झेंड्यावर लाल अक्षर ही त्याची खूण. जे म्हणजे मांस, मासे, अंडं, दूध काही नाही, कांदा-लसूणही नाही. ‘मंगसविरत’, म्हणजे नुसतं शाकाहारी, म्हटलं तर अंडं येऊ शकतं. तरी या दिवशी जेवणाच्या शोधात वेळ घालवण्यापेक्षा डब्यात काहीतरी कोरडं न्यावं, कापलेली फळं आणि शहाळं रस्त्यावर भरपूर मिळतं. रात्री पोटभर जेवायचं तर सनाम चायच्या पुढचं स्टेशन साम योत. तिथून चालत फाहुरातचा भारतीय बाजार आहे, सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा आहे, आणि रोटी-भाजी हमखास मिळते.

राजवाड्याच्या भिंतीकडेने दक्षिणेला दहा-पंधरा मिनिटं चाललं की वाट फो. निद्रिस्त बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच, विटांचा गाभा, वर लेप आणि सोन्याचा मुलामा. तिसऱ्या रामाने १८३२ मध्ये तो करवला. दालन मूर्तीच्या मापाचं आहे, त्यामुळे संपूर्ण मूर्ती एका फोटोत खांब आड न येता मावत नाही. पायांच्या बाजूला जाऊन तिरका घ्या. घाईत लोक चेहऱ्यासमोर अडतात, पण खरं काम तळव्यांवर आहे: शिंपल्यांच्या जडावात १०८ शुभचिन्हं. मागच्या बाजूला १०८ काशाची भांडी ओळीने आहेत. दारात सुट्ट्या नाण्यांची वाटी विकत घ्यायची आणि एकेका भांड्यात एकेक नाणं टाकत जायचं. तो टणटण आवाज दालनभर चालू असतो.

नव्वद टक्के गट इथून बाहेर पडतात. त्यांना जाऊ द्या. पुढचं आवार जवळजवळ मोकळं मिळतं. मुख्य देवळाच्या कठड्याला रामाकियेनचे १५२ संगमरवरी उठावशिल्पपट आहेत, म्हणजे सकाळी रंगात पाहिलेली युद्धं दुपारी दगडात. ऋषींच्या लहान मूर्ती शोधा. अंग पिळून, पाय मानेकडे घेऊन बसलेले हे ऋषी म्हणजे थाई आसनांचा वस्तुपाठ आहे. योगवर्गाला जाणाऱ्या पुणेकराला निम्मी आसनं ओळखू येतील. भिंतींत औषधं, मालिश, काव्य अशा विषयांचे शिलालेख बसवले आहेत आणि त्यांची नोंद युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटावर झाली आहे. मालिशची शाळा याच परंपरेतली. आवारातल्या मंडपात मालिश करून घेता येते, पण दुपारी रांग लांबते. आल्याबरोबर नाव लावा आणि मग देऊळ बघा.

दारांपाशी चिनी योद्ध्यांचे, उंच टोपीच्या गोऱ्यांचे दगडी पुतळे आहेत. चीनशी व्यापार करणाऱ्या जहाजांत परतीच्या वाटेवर वजन म्हणून हे दगड भरून आणत.

चारच्या सुमाराला था तियनच्या धक्क्यावरून पलीकडे जायचं. साध्या होडीचं भाडं पाच-दहा बाट. पर्यटक बोटीचं तिकीट इथे कुणी विकू लागलं तर घेऊ नका, बाजूच्या वेगळ्या फाटकातून होडी सुटते. वाट अरुणचा मधला बुरूज, त्याला प्रांग म्हणतात, लांबून एकरंगी दिसतो. जवळ गेलं की कळतं, तो सगळा फुटक्या चिनी बशा, वाट्या आणि शिंपले जडवून फुलांच्या नक्षीने मढवलेला आहे. आताचा पांढरेपणा २०१३ ते २०१७ च्या दुरुस्तीनंतरचा. त्यावर तिथेही पुष्कळ वाद झाला. पायऱ्या अंगावर येणाऱ्या उभ्या आहेत, खालच्या सज्जापर्यंतच चढू देतात. चढणं सोपं, उतरताना गुडघे बोलतात. कठडा धरून तिरकं उतरा. वर कोनाड्यांत ऐरावतावरचा इंद्र दिसेल. ताक्सिनच्या काळात पाचूचा बुद्ध याच आवारात होता. अलीकडे भाड्याच्या थाई पोशाखात फोटो काढणाऱ्यांनी सगळे कोपरे अडवलेले असतात. त्यांच्यावर चिडून उपयोग नाही, थांबायचं.

अरुणाचं नाव असलेलं हे देऊळ मावळतीलाच जास्त शोभतं. ते पश्चिम काठावर आहे, त्यामुळे सूर्य त्याच्या मागे बुडतो आणि हे दृश्य पलीकडून, था तियनच्या बाजूने दिसतं. सूर्यास्ताआधी अर्धा तास होडीने परत या. गच्चीवरच्या हॉटेलांत त्या वेळेचं टेबल आधी राखून ठेवावं लागतं. धक्क्याच्या आसपास काठावर उभं राहायला पैसे पडत नाहीत. संध्याकाळी सहाला राष्ट्रगीत लागलं तर आजूबाजूचे थांबतात, तुम्हीही थांबा.

पाय शाबूत असतील आणि दुसरी अर्धी सकाळ हाताशी असेल, तर साम योत स्टेशनवरून उंच लाल झोपाळ्याच्या कमानीपर्यंत चालत जा. तिच्याजवळच देवस्थान आहे, पहिल्या रामाने १७८४ मध्ये बांधलेलं ब्राह्मणांचं देऊळ: शिव, गणपती आणि विष्णू यांची तीन वेगळी साधी दालनं. राजाचे विधी करणारे थाई ब्राह्मण इथलेच. झोपाळ्यावरचा जुना विधी १९३५ पासून बंद आहे, पण मे महिन्यातला राजाचा नांगरणीचा समारंभ हेच ब्राह्मण अजून करतात, राजवाड्यासमोरच्या मैदानावर. त्या दिवसांत जात असाल तर राजवाड्याच्या वेळा आधी तपासा.

बुद्धाची मूर्ती किंवा नुसतं डोकं आठवण म्हणून विकत घेऊ नका. देशाबाहेर न्यायला ललितकला खात्याचा परवाना लागतो आणि दुकानदार ते सांगतोच असं नाही. राजघराण्याबद्दल विनोद तर गटातही करू नका, तिथला कायदा फार कडक आहे. परतीला अंधार पडल्यावर नारिंगी झेंड्याची वाट बघत धक्क्यावर बसू नका, तिच्या फेऱ्या संध्याकाळी संपतात. सनाम चायची मेट्रो मध्यरात्रीपर्यंत असते.